उसनं दिलेलं विरजण

माझ्या आत्याला गल्लीत सगळे ‘भोंगा’ म्हणतात. तिला हे कळत नाही असा सगळ्यांचा समज आहे. तिला ते चांगलं माहीत आहे, आणि ते तिला पदवीसारखं वाटतं. गोठ्याच्या एका टोकाला उभी राहून ती दुसऱ्या टोकाच्या गाईला दटावते तेव्हा गाय मान वर करतेच, पण भिंतीपलीकडचा लाँड्रीवालाही हातातली इस्त्री हवेत धरून थांबतो.

“मला काही म्हणालात का, वहिनी?”

“तुम्हाला नाही हो भाऊजी! तिला म्हणाले, शेपूट आवर! पण तुम्हीही आवरलंत तर काही बिघडत नाही!”

गोठा शहराच्या अगदी कडेला. पत्र्याचं छप्पर, वीसेक गाई, मधोमध उतरत जाणारी सिमेंटची फरशी. त्या उतारावरून शेण-मूत वाहत जातं ते थेट मागच्या अंगणातल्या कालवायच्या हौदात. हौदाच्या पलीकडे गोबरगॅसची टाकी, अर्धी जमिनीत गाडलेली. तिच्या तोंडावर लोखंडाची मोठी टोपी तरंगत असते. आत गॅस साठला की टोपी वर येते, गल्लीतल्या शेगड्या पेटल्या की हळूहळू खाली बसते. आत्या सकाळी उठून आधी त्या टोपीवर थाप मारते आणि मग गाईंकडे वळते.

“ही माझी सगळ्यात गुणी गाय,” ती म्हणते. “दूध देत नाही, पण लाथही मारत नाही.”

“आणि बोलतही नाही,” आतोबा, म्हणजे तिचे यजमान, पेंड भिजवता भिजवता पुटपुटतात. “म्हणून तर मलाही आवडते.”

ही टाकी जन्माला आली एका भांडणातून. तेव्हा शेणाचा ढीग उघड्यावर पडायचा आणि वारा फिरला की अख्खी गल्ली नाक मुरडायची. एक दिवस लाँड्रीवाला चार घरं पाठीशी घेऊन दारात उभा राहिला. हॉटेलांच्या चादरी धुऊन देणं हा त्याचा धंदा. पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत घातल्या की संध्याकाळी त्या गोठ्याचा वास घेऊनच आत यायच्या.

“वहिनी, स्पष्ट सांगतो. एक तर तुमचं शेण राहील, नाहीतर माझं गिऱ्हाईक.”

“वास येतो म्हणता?”

“वास? डोळ्यांतून पाणी येतं!”

“मग ऐका. याच वासावर चहा करून तुम्हाला पाजला नाही, तर गोठ्याला कुलूप लावीन आणि किल्ली तुमच्या हातात देईन.”

आतोबांनी कपाळाला हात लावला. “झालं. आता एका चहासाठी विहीर खणा.”

विहीरच खणली. असा प्लांट तिनं आयुष्यात एकदाच, तोही एका लग्नाच्या गडबडीत, लांबच्या नातलगांच्या परसात पाहिला होता. तेवढ्या आठवणीवर तिनं काठीनं मातीत चित्र काढून गवंड्याला समजावलं. पहिल्या खेपेला टोपी तिरकी बसून अडकली. दुसऱ्या खेपेला नळीत पाणी साचलं आणि शेगडी नुसत्या गुळण्या करत राहिली. गल्ली हसली. आत्यानं हसणाऱ्यांना एकेकाला नावानं हाक मारली. “उद्या परत या. आणि येताना कप घरून आणा, माझ्याकडे एवढे नाहीत!” तिसऱ्या खेपेला निळी ज्योत लागली. लाँड्रीवाल्यानं कप नाकाशी नेला, हुंगला, पुन्हा हुंगला, मग एक घोट घेतला.

“साखर कमी आहे,” तो म्हणाला.

तेवढ्यावर तह झाला. आधी लाँड्रीत नळी गेली, मग शेजारच्या घरांत, मग समोरच्या. गॅसचं बिल नाही. नियम एकच: ज्याच्या घरी शेगडी, त्यानं आठवड्यातून एकदा येऊन हौदातला शेण-पाण्याचा काला ढवळायचा. लाँड्रीवालासुद्धा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, नाकाला रुमाल बांधून, हातात फावडं घेऊन उतरायचा. पुढे पुढे रुमाल सुटला.

दुसरा नियम विरजणाचा. नवा प्लांट नुसत्या शेणानं लवकर जागा होत नाही, ढिम्म पडून राहतो. त्यात चालू टाकीतला मुरलेला गाळ चार पिंपं ओतला की दुधात दह्याचा चमचा पडावा तसं आतलं सगळं कामाला लागतं. आत्या त्याला विरजण म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायला लागले. विरजण विकायचं नाही. मागेल त्याला द्यायचं. आणि ज्यानं नेलं त्यानं वेळेला परत द्यायचं. रस्त्यापलीकडच्या गोठेवाल्यानं ते असंच नेलं होतं. आणि एक दिवस दारात चक्क टँकर उभा राहिला.

टँकरमधून उतरलेल्या माणसाचे बूट इतके चकचकीत होते की गाईसुद्धा बघत राहिल्या. त्यानं आधी दोन विटा मागवल्या, अंगणात ठेवल्या आणि त्यांच्यावर उभा राहून बोलायला सुरुवात केली. हमरस्त्याच्या पलीकडे शहराचा मोठा बायोगॅस प्रकल्प उभा राहत होता, तो चालवणाऱ्या कंपनीचा हा व्यवस्थापक.

“आमच्या टाक्या सुरू करायच्या आहेत, ताई. तुमच्याकडचा गाळ उत्तम आहे असं ऐकलं. दर काय लावाल?”

“दर नाही. उसनं आहे.”

“उसनं म्हणजे?”

“म्हणजे मला लागलं की मागायला येईन.”

तो हसला. ‘या बाईला कधी काय लागणार’ असं ते हसू होतं. टँकर भरून गेला. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं बूटवाला.

पुढच्या वर्षी धोरण आलं.

पालिकेच्या सभागृहात सगळ्या गोठेवाल्यांना बोलावलं होतं. पडद्यावर हिरव्यागार बसगाड्यांची चित्रं, मंचावर पालिकेचे साहेब, आणि माइकपाशी बूटवाला. शहराच्या हद्दीतल्या प्रत्येक गोठ्याचं शेण यापुढे मोठ्या प्रकल्पात जाणार होतं. तिथला गॅस शुद्ध होऊन बसगाड्यांमध्ये भरला जाणार होता. सगळे गोठे जोडले गेले तरच प्रकल्पाला पुढचं अनुदान होतं, म्हणून बूटवाला फार गोड बोलत होता.

“मित्रांनो, शेण म्हणजे कचरा नव्हे. शेण म्हणजे ऊर्जा!”

“हे आम्हाला तुमच्या आधीपासून माहीत आहे!” मागच्या रांगेतून आत्या. तिच्याकडे माइक नव्हता. तिच्यापुढे माइकचाच आवाज पडला.

“ताई, आपल्या प्रयत्नांचं आम्हाला कौतुकच आहे. पण तो घरगुती छंद झाला. इथे आपण धोरणाबद्दल बोलतोय.”

“छंद? तुमच्या प्रकल्पाच्या पोटात पहिलं विरजण कुणाचं पडलं, ते सांगा की या सगळ्यांना!”

बूटवाल्यानं पाण्याचा ग्लास उचलला. साहेब पुढे सरसावले.

“बाई, शहरासाठी आहे हे. धूर कमी होईल. बस चालू नये असं वाटतं का तुम्हाला?”

“चालू दे की! मीही बसेन तिच्यात, खिडकीपाशी. पण ज्या गोठ्यांचं शेण नाल्यात वाहून जातं त्यांचं आधी उचला ना साहेब. माझं नाल्यात जात नाही, बारा घरांच्या शेगडीत जातं. पेटलेल्या बारा शेगड्या विझवून तुम्ही एक बस चालवणार, आणि त्याला म्हणणार ऊर्जा वाचवली. हा कुठला हिशेब?”

सभागृहात हशा पिकला. साहेबांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता. “सवलतीची तरतूद आहे,” तो म्हणाला. “ज्याचा स्वतःचा प्लांट चालू आहे त्याला सूट. तपासणी होईल. चालू असेल तर तुमचं शेण तुमच्याकडे. बंद असेल तर दुसऱ्या दिवसापासून ट्रक येईल.”

“येऊ दे तपासणी! टोपी आभाळाला टेकलेली दाखवते!”

बाहेर पडताना पलीकडचा गोठेवाला खाली मान घालून आत्याच्या बाजूनं चालायला लागला. “ताई, मी सही केली. सहा महिन्यांचाच करार आहे. माझा प्लांट तसाही थंड पडलाय. रोज उठून काला कोण ढवळणार?”

“ढवळायचा कंटाळा आला म्हणून पोटच काढून देतात का रे दादा?”

तो चपलेनं रस्त्यातला खडा उडवत राहिला. आत्या मग त्याला जास्त काही बोलली नाही, आणि हे तिच्या बाबतीत फार झालं.

तपासणीची तारीख जवळ आली आणि नेमक्या त्याच सुमाराला चार गाईंच्या कासा सुजल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. औषध अंगात असेपर्यंत त्या गाईंचं दूध विकायचं नसतं. विकणारे विकतात. आत्या विकत नाही. एरवी ते दूध ती मागच्या शोषखड्ड्यात ओतून टाकायची. या वेळी तिच्या मनात वेगळंच आलं. दुधानं काठोकाठ भरलेल्या बादल्या खड्ड्याकडे नेता नेता ती टाकीपाशी थबकली.

“अहो, एवढं दूध मातीत घालायचं? त्यापेक्षा हिला पाजू.”

“शेण खाणारीला दूध?” आतोबा म्हणाले.

“घरी पाहुणे यायचे असले की आपण लेकरांना न्हाऊ-माखू घालून चांगलंचुंगलं खायला देतो की नाही? तपासायला माणसं येतायत. जरा अंग धरू दे तिला.”

आणि ती रोज पाजत राहिली. टोपी वर यायला लागली. कधी आली नव्हती एवढी वर. आत्यानं मला फोन करून बोलावून घेतलं. “ये बघायला! बाईसाहेब नऊ महिन्यांच्या झाल्यात!” तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा टोपी खरंच टम्म वर होती, आणि आत्या तिच्याभोवती फडकं घेऊन फिरत होती, नवरीला सजवावं तशी.

सकाळी भिंतीपलीकडून हाक आली.

“वहिनी! शेगडी पेटेना!”

“नळी बघा, भाऊजी!”

“बघितली! वारा भरपूर येतोय! पण काडी विझवतोय!”

आत्यानं हातातली बादली खाली ठेवली. अंगणातल्या शेगडीची कळ फिरवली. सूं करून वारा आला. तिनं काडी ओढली. विझली. दुसरी. विझली. तिसरी काडी माझ्या हातात देऊन म्हणाली, “तू लाव.” तीही विझली. मागे टोपी टम्म. गॅसनं भरलेली, आणि त्यातला एक घोटही जळत नव्हता.

आत्या हौदाकडे गेली, टाकीच्या तोंडाशी वाकली आणि वास घेतला. नेहमीचा तो मुरलेला, जड वास नव्हता. आंबट वास होता. नाक झोंबवणारा. ती तिथेच हौदाच्या कठड्यावर बसली.

“दूध,” ती म्हणाली. इतकं हळू, की आतोबांनी “काय?” असं विचारलं. पहिल्यांदाच त्यांना तिला परत बोलायला सांगावं लागत होतं. “पोट आंबलंय तिचं. औषधाचं दूध, रोज बादल्या बादल्या. मीच आजारी पाडली.”

गाईसुद्धा रवंथ थांबवून बघत होत्या, असं मला वाटलं. मग आतोबा घाईघाईनं आत गेले आणि सिलिंडर घरंगळवत घेऊन आले.

“ऐक. हे भिंतीमागे ठेवतो. याची नळी शेगडीला. टोपी तर वर आहेच. कोण बघतंय?”

आत्यानं सिलिंडरकडे बघितलं. मग टोपीकडे. मग, माझ्याकडे न बघता, म्हणाली, “लावा.”

आतोबांनी पान्हा काढला. नळीचं एक टोक बसवलं. दुसरं बसवत होते तेवढ्यात ती उठली.

“काढा ते.”

“अगं पण ट्रक—”

“काढा म्हणते ना! या गल्लीला मी वासावर चहा करून पाजलाय. आता खोट्या शेगडीवर पाजू? त्या बूटवाल्यासमोर, पोटात भीती घेऊन, दात काढून उभी राहू? नाही जमायचं. हरले तर हरले. पण तोंड वर करून हरेन, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात हरेन!”

भिंतीपलीकडून आवाज आला, “ऐकू आलं, वहिनी!”

तपासायला आलेली इंजिनीयर तिशीच्या आतली होती. स्वतःचे गमबूट घालून आली होती आणि कुणाची वाट न बघता सरळ टाकीकडे गेली. बूटवाला मागे. त्यानं मागच्या खेपेसारख्याच दोन विटा शोधल्या आणि वर चढला.

“टोपी तर छान वर आहे, काकू,” इंजिनीयर म्हणाली.

“टोपी बघू नका. शेगडी पेटवा.”

इंजिनीयरनं काडी लावली. विझली. तिनं आत्याकडे पाहिलं.

“पेटत नाही,” आत्या म्हणाली. “आजारी आहे ती. आणि मीच आजारी पाडली.”

विटांवरून आवाज आला. “प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद, ताई. लिहा मॅडम. बंद.”

“एक मिनिट, बूटवाले!” इतके दिवस पाठीमागे वापरलेलं नाव पहिल्यांदाच तोंडावर आलं. “गाय तापानं फणफणली असली तर तुम्ही मेली म्हणून लिहिता का?”

“नियमात दोनच शब्द आहेत. चालू आणि बंद.”

“मग खोट तुमच्या नियमात आहे! जगात आजारी पडत नाही असं पोट दाखवा मला!”

इंजिनीयर तोवर टाकीच्या तोंडाशी वाकली होती. तिनं पिशवीतून कागदाची पट्टी काढली, गाळात बुडवली. पट्टी नारिंगी झाली. “आंबलंय खरं. काय खायला घातलंत?”

“दूध.”

“औषधाचं?”

आत्यानं मान हलवली. इंजिनीयर हसली नाही, ओरडलीही नाही. “औषधानं आतले जीव मेले आणि दुधानं उरलेले आंबले. आता उपास. नवीन शेण अजिबात नाही. थोडा थोडा चुना. आणि चांगल्या चालू टाकीतलं विरजण, भरपूर.”

“तुम्हीही विरजणच म्हणता?” आत्यानं विचारलं.

“आमच्या पुस्तकात लांबलचक शब्द आहे. हा बरा आहे.” मग ती सरळ उभी राहिली. “पण काकू, आज मला बंदच लिहावं लागेल. पेटत नाहीये. महिन्याच्या आत फेरतपासणी मागता येते, ती मागा. फक्त दोन गोष्टी. एकदा का ट्रकमध्ये शेण टाकलंत, की तुम्ही प्रकल्पाच्या यादीत गेलात, मग फेरतपासणी नाही. आणि शेण उघड्यावर साठलं की गोठ्यावर कारवाई.”

बूटवाल्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडलं. “म्हणजे टाकीत घालायचं नाही. बाहेर साठवायचं नाही. ट्रकमध्ये टाकायचं नाही. मग ठेवणार कुठे, ताई? वीस गाई आहेत. त्या काही उपास करायच्या नाहीत.”

आत्यानं हौदाकडे पाहिलं, मग गाईंकडे. त्या क्षणी ती खरंच अडकली होती, आणि ते तिला कळलं होतं.

“माझ्या अंगणात!”

भिंतीवर लाँड्रीवाल्याचं डोकं उगवलं होतं.

“चादरी वाळत घालतो तिथे खड्डा मारतो. वर ताडपत्री. उघड्यावर नाही, झाकून! चालेल ना मॅडम?”

“झाकून असेल तर माझी हरकत नाही,” इंजिनीयर म्हणाली.

“भाऊजी, गिऱ्हाईक पळेल तुमचं!” आत्या ओरडली.

“पळू दे! आधी याच शेणानं पळत होतं ना? सवय आहे त्यांना!”

मग समोरच्या घरानं परसातली बाग देऊ केली. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीनं पिठाची रिकामी पिंपं पाठवली. एकीनं अंघोळीचा फुटका टब आणून ठेवला आणि म्हणाली, “माझ्याकडून एवढंच.” दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा ट्रक भोंगा वाजवत गल्लीत शिरला, तेव्हा बारा घरची माणसं घमेली डोक्यावर घेऊन शेण या दारातून त्या दारात नेत होती. ट्रकच्या वाटेत आत्या कमरेवर हात ठेवून उभी. ड्रायव्हरनं पुन्हा भोंगा वाजवला. आत्यानं त्याच्याहून मोठ्यानं विचारलं, “काय रे बाबा, काय हवंय?” ड्रायव्हर खिडकीतून हसला, मान हलवली आणि गाडी मागे घेतली. असा रोज मागे घेत राहिला. पुढे पुढे तो थांबून चहा घ्यायचा. चहा अर्थात सिलिंडरवरचा, आणि आत्या तसं त्याला सांगून द्यायची.

उपास झाला, चुना झाला. आजारी गॅस टोपीतून सोडून दिला. राहिलं विरजण. पलीकडच्या गोठेवाल्याची टाकी थंड. आसपास दुसरी चालू टाकी नाही. होती ती एकच, हमरस्त्यापलीकडे.

“तिथे जाणार तू?” आतोबांनी विचारलं. “त्याच्या दारात?”

“उसनं दिलंय. मागायला लाज कसली?”

लाँड्रीवाल्याच्या टेम्पोत बेकरीची उरलेली पिंपं चढवली. आत्या आणि आतोबा पुढे, मी मागे पिंपांत. प्रकल्पाच्या फाटकावर मोठा फलक होता: शेतकऱ्यांसाठी खत मोफत. टाक्यांतून बाहेर पडणारा गाळ शेतकरी खत म्हणून घेऊन जायचे, त्यांची रांग लागली होती. आत्या त्या रांगेत उभी राहिली. पुढच्याला म्हणाली, “दादा, तुमच्या टोमॅटोंना घेताय का? मी माझ्या गाईला घेतेय.” त्याला काही कळलं नाही, पण त्यानं पिंप सरकवायला मदत केली.

तिचा नंबर आला तसा बूटवाला धावतच बाहेर आला. आज पायांत गमबूट होते. कामावर तोही आमच्यासारखाच.

“ताई, हे शेतकऱ्यांसाठी आहे.”

“गाई पाळणारी कोण असते? विमान उडवणारी?”

“तुम्ही हे खत म्हणून नेत नाही आहात. मला माहीत आहे तुम्ही कशाला नेताय.”

“मग चांगलंच झालं, सांगायला नको. गेल्या वर्षी तुमचा टँकर माझ्या दारात उभा होता. तुम्ही दर विचारलात. मी काय म्हणाले होते?”

त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

“आठवत नसेल तर मोठ्यानं सांगू? मला मोठ्यानं सांगायला आवडतं.”

रांगेतली सगळी डोकी वळली होती. झडपेपाशी उभा असलेला ऑपरेटर, त्या दिवशी टँकरबरोबर आलेला तोच, पाइप हातात धरून बूटवाल्याच्या तोंडाकडे बघत होता. बूटवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं. फलक त्याच्याच डोक्यावर होता.

“उसनं म्हणालात,” तो शेवटी म्हणाला.

“म्हणाले होते.”

“भर रे,” तो ऑपरेटरला म्हणाला, आणि आत निघून गेला. ऑपरेटरनं पिंपं काठोकाठ भरली. वर एक जास्तीचं. “व्याज,” तो हळूच म्हणाला.

परत येताना रस्ताभर विरजण डुचमळत होतं आणि माझे पाय घोट्यापर्यंत त्यात होते. आत्या पुढून ओरडत होती, “सांडू नकोस! सोन्यासारखं आहे ते!”

टाकी लगेच उठली नाही. आत्या रोज तिच्या तोंडाशी वाकून वास घ्यायची, आजाऱ्याच्या कपाळाला हात लावावा तशी. आंबटपणा हळूहळू उतरला. मग एका दुपारी टोपी जरा हलली. मग अंगठाभर शेण, मग मूठभर, मग घमेलंभर. एकदा बुडबुडा आला म्हणून आत्यानं अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं. “बुडबुडा!” लाँड्रीवाला साबणाचा फेस हातावर घेऊन धावत आला. “कुठे?” तोवर तो फुटला होता.

फेरतपासणीला इंजिनीयर आली, बूटवालाही आला. टोपी निम्मीच वर होती. गल्लीतली माणसं भिंतीवर, कट्ट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. आत्यानं काड्यापेटी इंजिनीयरसमोर धरली. तिनं हात मागे घेतला.

“तुम्ही लावा, काकू.”

आत्यानं पेटी बूटवाल्यासमोर धरली. “तुम्ही लावा. तुमचंच विरजण आहे.”

तो दोन विटांवर उभा होता. खाली उतरला. चकचकीत बूट शेणात गेले, त्यानं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. काडी ओढली. कळ फिरवली. सूं झालं.

आणि ज्योत लागली. लहान, निळी, एका बाजूला कललेली. लागली आणि टिकली.

गल्लीनं जो आवाज केला त्यात आत्याचा आवाज ऐकू आला नाही. हे तिच्या आयुष्यात एकदाच घडलं असेल. इंजिनीयरनं ‘चालू’ लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाली, “शेरा काही लिहायचाय?”

“लिहा. यापुढे आजारी पडली तर आधी इलाज विचारा, ट्रक नंतर पाठवा.”

इंजिनीयरनं जसंच्या तसं लिहिलं. वर कुणी वाचेल का, ते तिला माहीत नव्हतं, आणि तसं तिनं सांगितलंही. “न वाचलं तर परत सभागृहात येईन,” आत्या म्हणाली. “माइकची गरज नाही मला.”

चहा झाला. बूटवाल्यानं कप नाकाशी नेला. आत्या बघत होती. त्यानं हुंगलं नाही, सरळ प्यायला. जाताना तो म्हणाला, “ताई, अनुदान अडकेल आमचं.”

“मग त्यांना सांगा, नाल्यात जाणारं शेण मोजा. माझं मोजू नका. तुमच्या बाजूनं बोलायला येईन मी, खरंच येईन. पण शेण नाही देणार.”

तो गेला. गर्दी पांगली. आतोबा बादल्या विसळत होते. तेवढ्यात फाटक करकरलं. पलीकडचा गोठेवाला उभा होता, हातात एक रिकामी बादली. कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं, म्हणून तो ज्योतीकडे बघत होता.

“ताई, माझा करार संपत आलाय.”

“मग?”

“पुन्हा सही करायची नाही, असं ठरवलंय.” त्यानं बादली जरा पुढे केली. “विरजण मिळेल?”

आत्यानं बादलीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. आणि मग सबंध गल्लीला, लाँड्रीला, रस्त्यापलीकडच्या थंड पडलेल्या गोठ्याला आणि कदाचित हमरस्त्यापलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

“बादली काय आणलीस रे दादा? पिंप आण, पिंप!”